शेवटी पोचली ती पहिली कशी?

छोट्या शिडाच्या होड्यांची मिश्र शर्यत पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास फसतो. एक लांबट, सडपातळ होडी सगळ्यांच्या पुढे येते, भोंगा वाजतो आणि हा टाळ्या वाजवायला लागतो. शेजारचे जाणते मात्र ढिम्म. पंच मान वर न करता शिडावरचा क्रमांक आणि घड्याळातली वेळ वहीत टिपतो, बस्स. मग एकेक होडी येत राहते. विसेक मिनिटांनी, पहिल्या होडीचं शीड उतरवून गुंडाळूनही झालेलं असतं, तेव्हा लाल शिडाची एक बुटकी, चपट्या नाकाची होडी डुलत डुलत रेषा ओलांडते. संध्याकाळी निकाल लागतो आणि यादीत सगळ्यात वर तिचंच नाव.

हा हँडिकॅपचा हिशेब. शब्द जुना आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ चाले. दोघांच्या वस्तूंच्या किमतीतला फरक तिसरा माणूस ठरवायचा आणि पैशांसाठी हात टोपीत घालावे लागायचे. त्या ‘टोपीतल्या हाता’वरून हँडिकॅप. पुढे घोड्यांच्या शर्यतीत तगड्या घोड्यावर जास्त वजन लादायची पद्धत आली, तिलाही हेच नाव पडलं. होडीवर दगड लादत नाहीत. तिच्या वेळेला भागतात.

ज्या होड्यांबद्दल मी बोलतोय त्यांना डिंगी म्हणतात. साधारण तीन ते पाच मीटर लांब, एक किंवा दोन माणसांची, आणि तळाला शिशाचं वजन नसलेली. कलली की माणसानंच बाहेर झुकून तिला सरळ ठेवायचं. यांचे शेकडो प्रकार आहेत. एकाच प्रकारच्या वीस होड्या असतील तर प्रश्नच नाही, आधी पोचेल ती जिंकली. पण छोट्या क्लबात एका प्रकारच्या तीन, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याची एक असा सगळा भेळेचा मामला असतो. मग सगळ्यांनी एकत्र खेळायचं कसं?

ब्रिटनमध्ये याचं उत्तर पोर्ट्समथजवळच्या लँगस्टन बंदरातून आलं. तिथल्या क्लबाचे एस. झिलवूड मिलेज यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेगवेगळ्या होड्यांच्या वेळांची तुलना करून तक्ते बनवले. रॉयल यॉटिंग असोसिएशननं ती पद्धत उचलली आणि ‘पोर्ट्समथ यार्डस्टिक’ या नावानं ती आजही चालते. कल्पना अगदी साधी. प्रत्येक प्रकारच्या होडीला एक आकडा. हा आकडा म्हणजे ठरावीक, पण मुद्दाम न सांगितलेलं अंतर कापायला त्या होडीला लागणारा वेळ. अंतर किती याच्याशी आपल्याला घेणं नाही, आकड्यांचं आपसातलं प्रमाण महत्त्वाचं. आकडा मोठा तितकी होडी हळू.

मघाचीच शर्यत घेऊ. लांबट होडी होती मर्लिन रॉकेट, तिचा आकडा बरीच वर्षं ९८० धरला गेला. लाल शिडाची ती मिरर, तिचा १३९०. मर्लिन रॉकेटनं शर्यत बरोबर ५० मिनिटांत संपवली, म्हणजे ३००० सेकंद. मिररला लागली ७० मिनिटं, म्हणजे ४२०० सेकंद. आता सूत्र: लागलेला वेळ गुणिले १०००, भागिले आकडा. मर्लिन रॉकेटचे होतात ३०६१ सेकंद. मिररचे ३०२२. वीस मिनिटं उशिरा आलेली होडी ३९ सेकंदांनी जिंकली. कागदपेन्सिल घेऊन एकदा स्वतः करून बघा, त्याशिवाय हे डोक्यात बसत नाही.

गोल्फमध्येही हँडिकॅप असतो, आणि बरेच जण तिथली समजूत इकडे घेऊन येतात. गोल्फमध्ये सवलत खेळाडूला मिळते, इथे होडीला. मिररमध्ये जगज्जेता बसला काय किंवा काल शिकलेली मुलगी बसली काय, आकडा १३९०च. कौशल्यातला फरक पुसायचा नाही, होडीतला तेवढा पुसायचा, असा यामागचा करार आहे.

ज्यांना संध्याकाळपर्यंत निकालाची वाट बघवत नाही त्यांच्यासाठी हाच हिशेब उलटा करतात. सगळ्यात हळू होडी आधी सोडायची, मग आकड्यानुसार उरलेल्या. समजा मिरर बरोबर दहाला सुटली आणि शर्यत ९० मिनिटांची आहे. आकडा ११२० च्या आसपास असलेली एंटरप्राइझ तिच्यानंतर साडेसतरा मिनिटांनी सुटेल. मर्लिन रॉकेटला साडेसव्वीस मिनिटं किनाऱ्याशी घिरट्या घालत बसावं लागेल. साडेअकराला भोंगा वाजला की पाण्यावर जी पुढे ती जिंकली. बघणाऱ्याला ही पाठलागाची शर्यत फार गोड वाटते. शेवटची दहा मिनिटं सगळ्या होड्या एकमेकींच्या अंगावर येतात. वळणाच्या खुणेपाशी आरडाओरडही दांडगी होते.

आकडा कुठे फसतो

एका आकड्यात होडी मावत नाही, हे पद्धत चालवणाऱ्यांनाही पुरतं माहीत आहे. सगळ्यात मोठी गोची वाऱ्याची. मंद वाऱ्यात कुठलीही होडी पाणी बाजूला सारत चालते आणि स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते. अशा चालीत तिचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, की नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, वेगाची साधारण मर्यादा मिळते. चौदा फुटांना पाच नॉट, अकरा फुटांना साडेचारच्या जरा खाली. म्हणजे लहान आणि मोठ्या होडीत फरक तसा किरकोळ. पण वारा चढला आणि होडीचा तळ योग्य आकाराचा असला, तर ती स्वतःच्या लाटेवर चढून पाण्यावरून घसरायला लागते. याला प्लेनिंग म्हणतात. मग वर्गमूळबिर्गमूळ विसरा.

हे नीट वापरून दाखवलं उफा फॉक्स या इंग्रज होडी-रचनाकारानं. १९२८ साली त्यांनी ‘अव्हेंजर’ ही चौदा फुटी डिंगी उतरवली. पुढे इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता आणि मागे सपाट होत जाणारा तळ. त्या हंगामात ती ५७ शर्यतींत उतरली आणि ५२ जिंकली. उरलेल्या पाचांत दोनदा दुसरी, तीनदा तिसरी. प्रतिस्पर्धी पाणी ढकलत होते, ही पाण्यावर चढून घसरत होती. आता विचार करा, अशा होडीला एकच आकडा कसा द्यायचा? मंद वाऱ्यात तो तिच्यावर अन्याय करणार आणि सोसाट्याच्या वाऱ्यात बाकीच्यांवर.

दुसरी गोची प्रवाहाची, आणि तिच्याकडे बरेचदा काणाडोळा होतो. एक होडी पाण्यात पाच नॉटनं जाते, दुसरी चारनं. स्थिर पाण्यात हळू होडीला सव्वापट वेळ लागतो आणि आकडेही त्याच प्रमाणात दिलेत असं धरू. आता समोरून एक नॉटची ओहोटी आली. जमिनीच्या हिशेबानं वेग उरले चार आणि तीन. म्हणजे हळू होडीला आता एक पूर्णांक एक तृतीयांश पट वेळ लागणार, पण सवलत मात्र सव्वापटीचीच. बिचारी कितीही चांगली चालली तरी मागे पडणार. निकाल लागल्यावर कोपऱ्यात धुसफुसणाऱ्या माणसाचं दर वेळी चुकतंच असं नाही.

तिसरी गोष्ट जरा नाजूक. हे आकडे गणिताने किंवा मोजपट्टीने काढलेले नसतात. क्लब आपापल्या शर्यतींचे निकाल पाठवतात आणि त्या ढिगातून दर वर्षी आकडे सुधारले जातात. म्हणजे एखाद्या प्रकारच्या होड्या बहुतांश कसलेल्या माणसांच्या हातात असतील तर आकडा कडक, म्हणजे लहान होत जातो. शिकाऊ मुलांच्या हातात असतील तर सैल. होडीला मोजतोय असं म्हणत थोडंफार माणसालाही मोजलं जातंच. म्हणून क्लबांना आपल्या पाण्यापुरते आकडे बदलायची मुभा ठेवलेली आहे. माझ्या मते पद्धतीतला सगळ्यात शहाणा नियम हाच. जिथे हा नियम वापरत नाहीत तिथे भांडणं जास्त होतात.

आजी आणि नात, आकडा एकच

आता लाकडाच्या जुन्या होड्यांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे.

काही प्रकारच्या होड्या पहिल्या दिवसापासून जशाच्या तशा आहेत. काहींच्या नियमांत मात्र फक्त मर्यादा दिलेल्या असतात: लांबी इतकी, रुंदी इतक्यापर्यंत, शिडाचं क्षेत्रफळ एवढं. त्या चौकटीत कल्पकता लढवायला मोकळीक. मर्लिन रॉकेट या दुसऱ्या जातीतली. १९४६ च्या मर्लिनपासून आजवर लांबी चौदा फूटच राहिली, पण होड्या रुंद होत गेल्या, तळ बदलला, डोलकाठी कार्बनची झाली. तेव्हा १९५० च्या दशकातली अरुंद होडी आणि परवा कारखान्यातून आलेली होडी नावानं एक. यादीतला आकडा मात्र आजच्या होड्यांच्या निकालांतून आलेला. आजीला नातीचा आकडा लावला तर ती जिंकणार कशी?

म्हणून जुन्या होड्यांच्या शर्यतींत वयाची सवलत देतात. ब्रिटनमध्ये क्लासिक अँड व्हिंटेज रेसिंग डिंगी असोसिएशन नावाची संघटना आहे, ती जुन्या होड्यांसाठी आपले वेगळे आकडे ठेवते. आणि इथेच जुनी होडी दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्याला खरा खुराक मिळतो. सवलत दिली आहे जुन्या, जड, सुती शिडाच्या होडीला. तुम्ही तिला कार्बनची डोलकाठी आणि नवं कडक शीड चढवलंत, तर ज्या होडीला तो आकडा दिला होता ती होडी आता राहिली कुठे? दुरुस्ती जास्तच चांगली झाली तर ती सवलत खाऊन टाकते. उलट कंजुषी केली तर होडी पाण्यात टिकत नाही. सगळी कारागिरी या दोन टोकांच्या मधली आहे.

टोच्या घेऊन सुरुवात

जुनी होडी घरी आणली की बहुतेक जण आधी रंग खरवडायला घेतात. चूक. आधी वजनकाटा. मिररच्या रिकाम्या सांगाड्याचं नियमातलं किमान वजन ४५.५ किलो आहे. लाकडात, फटींत, जुन्या रंगाच्या थरांत पाच किलो पाणी आणि कचरा साठला असेल तर ती अकरा टक्के जड झाली. त्या आकाराच्या होडीला हे फार. कोरड्या, हवेशीर शेडमध्ये नुसती दोन-तीन महिने उलटी ठेवली तरी यातलं बरंच वजन फुकटात उतरतं.

मग टोच्या आणि छोटी मोगरी. मोगरीनं ठोकत जायचं. निरोगी लाकूड टणक, कोरडा आवाज देतं. कुजलेलं भद्द वाजतं. भद्द वाजेल तिथे टोच्या टेकवायचा. लोण्यात गेल्यासारखा गेला तर समजा बुरशीनं घर केलंय. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते आणि तिला गोडं पाणी आवडतं. त्यामुळे समुद्रात वापरलेल्या होडीपेक्षा, ताडपत्रीखाली पावसाचं पाणी साठवत अंगणात पडून राहिलेली होडी जास्त कुजलेली सापडते. जागाही ठरलेल्या: मागच्या उभ्या फळीचा तळकोपरा, सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या उभ्या फळीच्या) पेटीचा खालचा जोड, पुढच्या डेकखालची हवा न लागणारी बोळ. बाहेरून व्हार्निश आरशासारखं चमकत असताना मागच्या फळीच्या तळाशी टोच्या मुठीपर्यंत गेला, हा अनुभव या नादातल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. विकणाऱ्याला तो कोपरा नेमका ठाऊक असतो, म्हणून होडी तशी टेकवून ठेवलेली असते.

स्क्रूंकडेही बघायचं. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त विरघळून जातं आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबं उरतं. पेचकस लावला की डोकं हातात येतं आणि दांडा लाकडात राहतो. नवे घालताना सिलिकॉन ब्राँझचे घालावेत. महाग पडतात, पण तेच काम दुसऱ्यांदा करायचं नसेल तर पर्याय नाही.

पुढचं सगळं होडी कशी बांधली आहे यावर. जुन्यातल्या जुन्या डिंग्यांत फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात, या बांधणीला क्लिंकर म्हणतात. जोड तांब्याच्या खिळ्यांचे. हे काम एकट्याचं नाही. बाहेरून खिळा ठोकायचा, आत निघालेल्या टोकावर तांब्याची छोटी वाटीसारखी चकती बसवायची, खिळा तिच्या जरा वर कापायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीनं हलके हलके ठोकून टोक चकतीवर पसरवायचं. तेवढा वेळ बाहेर दुसऱ्यानं खिळ्याच्या डोक्यावर जड लोखंडाचा ठोकळा घट्ट दाबून धरायचा. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. ठोक्याच्या आवाजावरून कळतं की ठोकळा सरकला. शंभरेक खिळे झाले की बोलायची गरजच उरत नाही.

तुटलेल्या फासळ्या बदलायच्या तर ओकची ओलसर पट्टी वाफेच्या पेटीत ठेवतात. दर २५ मिलिमीटर जाडीला एक तास हा ढोबळ हिशेब, म्हणजे डिंगीच्या बारीक फासळीला अर्धा तासही पुष्कळ. पट्टी बाहेर काढल्यावर ती वाकते, पण मिनिटभरच. तेवढ्यात होडीत दाबून, वळवून, पकडीत आवळून टाकायची. उशीर झाला तर कड्कन आवाज येतो आणि पुन्हा अर्धा तास.

क्लिंकर होडीवर फायबरग्लास चढवून ‘कायमची’ वॉटरप्रूफ करायचा मोह अनेकांना होतो. करू नये. फळ्या ओलाव्यानुसार फुगतात, आकसतात. वरचं कडक कवच हलत नाही. दोघांत फट पडते, त्यात पाणी शिरतं आणि आत निवांत कूज सुरू होते. अशी ‘दुरुस्त’ केलेली होडी स्वस्तात मिळाली तरी लांबून नमस्कार करावा.

दुसऱ्या महायुद्धानंतर बांधणी बदलली, ती विमानबांधणीतून आलेल्या तंत्रामुळे. फेअरी मरीन या कंपनीनं लाकडाचे पातळ पापुद्रे साच्यावर तिरपे, एकमेकांवर आडवे-उभे रचून, मध्ये गोंद लावून ते बंद भट्टीत उष्णतेनं आणि दाबानं भाजून काढायला सुरुवात केली. फळी नाही, खिळा नाही, सगळी होडी एकसंध शिंपल्यासारखी. उफा फॉक्स यांचीच ‘फायरफ्लाय’ १९४६ पासून अशी बनू लागली. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये एकट्यानं चालवायच्या होडीचा मान तिला मिळाला. त्यात पॉल एल्व्हस्ट्रॉम नावाच्या विशीतल्या डॅनिश मुलानं पहिली शर्यत अर्धवट सोडली आणि तरी शेवटी सुवर्ण नेलं. या भाजलेल्या होड्या भलत्याच चिवट निघाल्या, पण पापुद्रे सुटायला लागले तर दुरुस्ती किचकट. एकेक थर पायऱ्यापायऱ्यांनी कापत आत जायचं आणि तसेच नवे थर भरत बाहेर यायचं.

त्यानंतर प्लायवुड आलं आणि होडी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. १९६२ ची मिरर तर घरीच बांधता यावी म्हणून आखलेली. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेनं टाचायचे, कापड शिवावं तसे, आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन. अशा सत्तर हजारांहून जास्त होड्या झाल्या. प्लायवुडची दुरुस्ती नवशिक्यासाठी सगळ्यात सोपी: कुजलेला भाग चौकोनी कापून काढायचा, कडा उतरत्या रंधायच्या आणि तशाच उतरत्या कडांचा नवा तुकडा इपॉक्सीनं चिकटवायचा. उतार जाडीच्या आठपट हवा. सहा मिलिमीटरचं प्लाय असेल तर जवळजवळ पाच सेंटिमीटर. रंधा मारताना प्लायचे थर समांतर पट्ट्यांसारखे दिसतात. पट्ट्या सरळ असल्या तर उतार बरोबर, वाकड्या दिसल्या तर हात चुकतोय. नवा तुकडा बसवताना जुने जोडही तपासावेत, कारण त्या काळचा युरिया-फॉर्माल्डिहाइड गोंद म्हातारा झाला की त्याची भुकटी होते.

इपॉक्सी उत्तम, पण उन्हात ती पिवळी पडून चुरते, म्हणून तिच्यावर व्हार्निश लागतंच. उघड्या लाकडावर पहिला हात निम्मं थिनर घालून, म्हणजे तो आत मुरतो. मग सहा-सात हात, प्रत्येक दोहोंमध्ये बारीक पॉलिश पेपर. कंटाळवाणं काम आहे. पण चार हातांवर थांबलेली होडी दोन उन्हाळ्यांत पुन्हा शेडमध्ये येते. मात्र पंधरा हात मारणाऱ्यांनी वजनकाट्याची आठवण ठेवावी.

राहता राहिलं शीड. सुती शीड दिसायला देखणं, पण पावसात भिजलं की त्याचा आकार बिघडतो आणि ओलं ठेवलं तर बुरशी धरतं. टेरिलीनचं, म्हणजे पॉलिएस्टर कापडाचं, शीड आकार धरून ठेवतं, आणि तो बदल होडीला सरळसरळ वेगवान करतो. मी स्वतः सांगाडा आणि डोलकाठी मूळ ठेवून शीड टेरिलीनचं घेईन आणि ते पंचांना आधी सांगेन. त्यांनी आकडा थोडा कमी केला तर कुरकूर नाही. एका बाबतीत मात्र जुनेपणाचा हट्ट नको. त्या काळी होडी उलटली तर तरंगती ठेवायला फारशी सोय नसायची. हवेच्या पिशव्या पट्ट्यांनी पक्क्या बांधाव्यात आणि शर्यतीआधी होडी मुद्दाम उथळ पाण्यात बुडवून बघावी, की पट्ट्या तुटतात का.

क्लिंकर होडीला तर तसंही बुडावं लागतंच. हिवाळाभर शेडमध्ये वाळलेल्या फळ्यांत फटी पडलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी ती चाळणीसारखी गळते आणि नवखा मालक डोक्याला हात लावतो. तिला उथळ पाण्यात बांधून, अर्धी भरू देऊन, सोडून द्यायचं. फळ्या पाणी पिऊन फुगतात, फटी मिटतात, आणि एकदोन दिवसांत आतलं पाणी उपसलं की पुन्हा भरत नाही. शर्यत शनिवारी असेल तर होडी गुरुवारीच पाण्यात गेली पाहिजे.